बोर्डाची बाई पाळणाघर बघायला आली

काळाचौकीत कुणाला मुलगी बघायला जायचं असलं की आधी मला बोलावणं येतं. मी मुलीकडे बघतसुद्धा नाही. मुलगी त्या दिवशी नटलेलीच असते, पोह्यांवर खोबरं नेहमीपेक्षा जास्तच पडलेलं असतं, आणि दिवाणावरची चादर शेजाऱ्यांची असते. ते बघून काय कळणार, कपाळ? चहा झाला की मी म्हणते, "जरा हात धुवायचेत, मोरी कुठे?" मोरीत गेलं की घर कळतं. येता येता ओट्यावरच्या एखाद्या टोपाचं झाकण उचलायचं, पलंगाखाली एक नजर टाकायची, की झालं. आमच्या नम्रताला मी अशीच पसंत केली. तिच्या मोरीत बालदी धुऊन पालथी घातलेली होती आणि पलंगाखाली पुस्तकं होती. तिथल्या तिथं मुलाला म्हटलं, "अजित, हो म्हण आणि पोहे संपव."

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यात ही दुर्गाबाई घाडीगावकर पोहे देणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसली. स्वतःच्या पायांनी चालत गेली, कुणी ढकललं नव्हतं.

आमच्या चाळीच्या तळमजल्याला पूर्वी कोळशाची वखार होती. ती बंद पडली आणि मग कितीतरी वर्षं तिथे गणपती मंडळाचे बांबू आणि उंदीर, एवढेच राहायला होते. इकडे चाळीतल्या सुना कामाला बाहेर पडल्या. कुणी परळच्या इस्पितळात, कुणी मॉलमध्ये, कुणी मोठ्या ऑफिसात. पोरं कुणी सांभाळायची यावरून घराघरात भांडणं. सासवा म्हणायच्या, आमची आम्ही वाढवली, तुम्ही तुमची वाढवा. मीपण त्यातलीच. मग आमची मुक्ता झाली. ती रांगायला लागली आणि तिच्यामागे धावून माझ्या गुडघ्यांनी हात जोडले.

नम्रता इस्पितळात रक्त तपासते. तिची बाळंतपणाची रजा संपत आली तशी ती गप्प गप्प राहायला लागली. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, मी नोकरी सोडते."

मी म्हटलं, "सोडून काय करशील? माझं तोंड बघत बसशील? त्यापेक्षा लोकांचं रक्त बघ."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पोरांना बांबू हलवायला लावले आणि वखार झाडून घेतली. पाळणाघर सुरू झालं ते असं. पोरं सांभाळायला दर्शना आली. समोरच्या चाळीतली, बालवाडीचं शिक्षण घेतलेली. दर बुद्धपौर्णिमेला तिच्या घरची खीर आमच्या मजल्यावर येते आणि माझ्या घरच्या करंज्या दिवाळीत तिच्याकडे जातात. आवाज चढवत नाही, पण तिने नुसतं बघितलं की पोरं गप्प बसतात. माझ्याकडे बघून पोरं हसतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण ते जाऊ दे.

दर्शनाचा पगार, पोरांचं दूध, खाणं, औषधं, हे सगळं एका कंपनीने उचललं. पाइप बनवणारी कंपनी आहे. नाव नाही सांगत, फुकटची जाहिरात कशाला करू? त्यांचा माणूस सुशांत. पोरगा चांगला, फक्त मराठी बोलताना मध्येच इंग्रजी चघळतो. त्याने मला एकदा सगळं नीट सांगितलं. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला काही वाटा लोकांच्या कामाला लावायचा असा कायदा आहे. सीएसआर म्हणतात त्याला. कुठल्या कामाला लावायचा ते कंपनीचं बोर्ड ठरवतं, आणि लावलेला पैसा खरंच कामाला लागला का, हे बघायला बोर्डातल्याच काही जणांची कमिटी असते.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या मंडळासारखंच की रे. वर्गणी जमवणारे वेगळे, आणि मखरासाठी आणलेलं कापड मखराला लागलं की सेक्रेटरीच्या घरी पडदे झाले, हे बघणारे वेगळे."

"एक्झॅक्टली, मावशी. फक्त आमच्याकडे एसी असतो."

सुरुवातीलाच कंपनीने टेम्पो भरून सामान पाठवलं. लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या खाटा, चारी बाजूंनी कठडे, आत फुलाफुलांच्या गाद्या. बघून जीव सुखावला. एकही मूल त्यात झोपलं नाही. आत ठेवलं की कठडे धरून उभं राहायचं आणि चाळ डोक्यावर घ्यायचं. मुक्ताने तर कठड्याला पहिले दोन दात लावून बघितले.

मग मी वर बघितलं. वखारीच्या तुळईला कोळशाचे तराजू टांगायची लोखंडी कडी ओळीने अजून तशीच होती. घरी गेले, माझं जुनं सुती लुगडं आणलं, एका कड्याला झोळी बांधली आणि मुक्ताला आत घातली. चार झोके दिले नाहीत तोवर पोरगी डाराडूर. दर्शना म्हणाली, "मावशी, अजून लुगडी आहेत का?" संध्याकाळपर्यंत चाळीतल्या साऱ्या ट्रंका उघडल्या. तुळईला ओळीने झोळ्या लागल्या. सगळी मऊ, धुऊन धुऊन फिकी पडलेली लुगडी. दुपारी खिडकीतून वारा आला की आपोआप हलायची.

खाटासुद्धा वाया नाही गेल्या. एकीत कांदेबटाटे, एकीत धुतलेली लंगोटं, आणि एक आम्ही गच्चीवर नेऊन तिच्यात सांडगे वाळवायचो. कठडे असल्यामुळे कावळ्यांना बसायला सोयीचं झालं, पण सांडगे वाळायचे झकास.

आता सुशांतची पंचाईत अशी, की बोर्डाने खाटा पास केलेल्या. त्यामुळे अहवालात खाटा दिसायला हव्यात. तो फोटो काढायला आला की आमची कवायत ठरलेली. कांदेबटाटे बाहेर, पोरं आत. पोरं बोंब ठोकणार, सुशांत पटापट फोटो काढणार, आणि पोरं परत झोळीत. "थँक यू मावशी," म्हणून तो आंबोळी खाऊन निघणार. सगळ्यांचं छान चाललं होतं.

आणि एक दिवस तो आला तो आंबोळी न खाता उभाच राहिला.

"मावशी, मॅडम येतायत. बोर्डाच्या. आमच्या सीएसआर कमिटीच्या प्रमुख आहेत, इरावती मॅडम."

"येऊ देत की. त्यात काय?"

"त्या स्वतः बघणार. पुढच्या वर्षी पाळणाघर चालू ठेवायचं की बंद, ते त्यांच्या बघण्यावर आहे. आणि मावशी," तो हळूच म्हणाला, "मागच्या मीटिंगमध्ये त्या आपल्यावर काही खूष नव्हत्या."

माझ्यामागे नम्रता उभी होती. हातातल्या मुक्ताला तिने नुसतं दुसऱ्या कुशीवर घेतलं. मी तिला ओळखते. तिच्या मनात परत भाकरी थापताना बोललेलं ते वाक्य आलं होतं.

मी म्हटलं, "सुशांत, तू जा. मॅडमना असं पाळणाघर दाखवते की डोळे दिपतील."

आता मला सांगा, आपल्याकडे पाहुणा येणार असला की आपण काय करतो? आवरतो. मीपण तेच केलं, फक्त जरा जास्त. कांदेबटाटे माझ्या खोलीत, सांडगे खाटेसकट शेजारच्या कोंडीरामच्या खोलीत. झोळ्या सोडल्या. कंपनीच्या बोर्डाच्या बाईला काय जुनी लुगडी लोंबताना दाखवायची? खाटा घासूनपुसून ओळीत लावल्या. लालबागच्या बाजारातून नवीन चादरी आणल्या, घड्यांसकट अंथरल्या. पोरांची पितळी भांडी चिंचेने घासून मांडणीवर लावली. भिंतीवर पोरांनी खडूने काढलेले हत्ती पुसून टाकले.

"मावशी, हत्ती राहू दे ना," दर्शना म्हणाली.

"तो हत्ती आहे? मला तर कोंडीराम वाटला."

"जसं आहे तसंच दाखवू या. झोळ्यापण, कांदेपण."

"दर्शना, तू शिकलेली आहेस, पण तुला मुलगी दाखवायचा अनुभव नाही. गप बस."

एक पोरांचाच प्रश्न राहिला. ती शेंबडी वानरसेना नव्या चादरींवर सोडायची? मी ठरवलं, मॅडम जाईपर्यंत सगळ्यांना वर माझ्या खोलीत ठेवायचं. नम्रताने एक दिवसाची रजा टाकली. तिच्या मदतीला पोरांच्या दोघी आया. जाताना नम्रता जिन्यात थांबली. म्हणाली, "आई, पाळणाघर बघायला येतायत त्या. आणि पोरंच नाहीत?"

"पाळणाघर खाली आहे. पोरं काय, कुठेही असतात. जा तू वर."

इरावतीबाई आल्या त्या टॅक्सीने. मला वाटलं होतं मोठी गाडी, काळा चष्मा. बाई साठीच्या पुढची, केस पांढरे कापूस, अंगावर खादीची साडी, खांद्याला कापडी पिशवी. बोलणं मात्र अगदी पुस्तकातलं.

"नमस्कार. मी इरावती. दादरला, हिंदू कॉलनीत राहते. तुम्ही दुर्गाबाई ना? तुमच्याबद्दल ऐकलं आहे."

"चांगलं की खरं?" मी म्हटलं.

त्या हसल्या. सुशांतला घाम फुटला.

मी त्यांना आत नेलं. खाटा दाखवल्या, चादरी दाखवल्या, भांड्यांत त्यांचं तोंड दिसेल अशी भांडी दाखवली. त्या "छान, छान" म्हणत होत्या आणि डोळे भलतीकडेच फिरत होते. मी गरम आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार वाढलं. बाईंनी खाली बसून चवीने खाल्लं. परत मागून घेतलं. मला वाटलं, जिंकलं. बाई खाऊन उठल्या, बोटं चाटली आणि म्हणाल्या,

"जरा हात धुवायचेत. मोरी कुठे आहे?"

अख्ख्या आयुष्यात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, पण ऐकलं पहिल्यांदाच.

बाई मोरीत गेल्या. मोरी कोरडी ठणठणीत. येताना त्यांनी मोठ्या टोपाचं झाकण उचललं. आत लख्ख रिकामं. एका खाटेखाली वाकून बघितलं. धूळसुद्धा नाही. मग गादीवर हात दाबला. चुरचुर आवाज झाला. चादरीखाली गादीला कारखान्यातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं. कोण काढणार? गादीवर कुणी झोपलंच नव्हतं.

"दुर्गाबाई, मुलं कुठे आहेत?"

"आज सुट्टी दिली."

"कशाची?"

"तुम्ही येणार म्हणून."

माझ्याच कानाला ते कसं लागलं ते मी सांगत नाही. दर्शना जमिनीकडे बघत होती. बाईंनी पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. सुशांतने काढलेले फोटो.

"हे बघा. वर्षभराचे फोटो आहेत. प्रत्येक फोटोत प्रत्येक मूल रडतंय. मी मीटिंगमध्ये विचारलं, ही मुलं का रडतायत? कुणालाच सांगता येईना. एक जण म्हणाले, मुलं रडतातच, पुढच्या विषयाकडे वळू या. मला काही वळता आलं नाही. घरी जाऊनही तेच डोळ्यांपुढे. वाटलं, इथे मुलांचे हाल होत असतील, नाहीतर फोटोपुरती कुठूनतरी आणून बसवत असतील. म्हणून स्वतः आले. आणि इथे तर मुलंच नाहीत."

"मॅडम, ॲक्च्युअली..." सुशांतने तोंड उघडलं.

"थांब सुशांत." त्या रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "दुर्गाबाई, अशा चकचकीत खोल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मी जाते त्या दिवशी उघडतात, मी निघाले की कुलूप. मला या कमिटीवर बसवलंय ते कंपनीने दिलेला पैसा जिथे जायला हवा तिथे जातो का, हे बघायला. मी जाऊन काय सांगू? इथे काही चालत नाही, एवढंच सांगावं लागेल. मला खरंच वाईट वाटतंय. आंबोळी फार सुंदर होती."

बाईंनी पिशवी खांद्याला लावली. आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

पोरांची झोपायची वेळ झाली होती, आणि वर माझ्या खोलीत झोळी कुठली? आधी एक रडलं. तो सूर ऐकून दुसऱ्याला आठवण झाली. मग सगळ्यांनी मिळून असा काही भोंगा लावला की वरचं छत हादरलं असेल.

"हे काय?" बाई थांबल्या.

"वर टीव्ही चालू आहे," सुशांत म्हणाला.

मी सुशांतकडे बघितलं. बाईंकडे बघितलं. मला त्यांनी गबाळी म्हटलं असतं, अडाणी म्हटलं असतं, तर ऐकून घेतलं असतं. पण माझं पाळणाघर बंद असतं? मी कुलपाला रंग लावून ठेवलाय? दर्शना सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाची नाकं पुसते मग, खाटांची? माझं डोकं असं तापलं, की गुडघे विसरून मी जिन्यापाशी गेले आणि ओरडले,

"गो नम्रता! घेवन ये सगळ्यांका खाली! आत्ताच्या आत्ता!"

मग काय विचारता. आधी नम्रता आली, एक कडेवर, एक खांद्यावर, मुक्ता तिच्या ओढणीला लटकलेली. मागे दोघी आया, त्यांच्या अंगाखांद्यावर बाकीचे. जी चालणारी होती ती जिन्यावर बसून एकेक पायरी ढुंगणाने उतरत होती, कारण आम्ही त्यांना तसंच शिकवलंय. कुणाच्या तोंडाला भात, कुणाच्या डोक्याला भात. एकाच्या हातात माझा कांदा. सगळे रडत. सगळ्यांच्या मागून कोंडीराम सांडग्यांची खाट घेऊन, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की काय चाललंय. गडबड दिसली म्हणून तो सामान घेऊन निघाला.

"दर्शना, झोळ्या!"

दर्शनाने दाराआडून गाठोडं ओढलं. सगळी लुगडी तिथेच, बांधून तयार.

"धुवायला टाक म्हटलं होतं ना तुला?"

"म्हटलं होतं," ती गाठ मारता मारता म्हणाली. "पण लागतील असं वाटलं."

खाली वाकून वर टाकायचं, गाठ, दुसरी गाठ, ओढून बघायचं. आमचे हात सरावलेले. एकेक झोळी लागत गेली, एकेक पोर आत जात गेलं. नव्या चादरींवरून भाताचे हात उमटले. मुक्ता झोळीत पडल्यापडल्या हसली, डोळे चोळले आणि गेली. तिच्यामागून दुसरा. मग तिसरी. भोंगा हळूहळू विरत गेला. शेवटचा एक हट्टी गोळा उरला होता, दर्शनाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तोपण झोपला.

खोलीत नुसता दोऱ्यांचा करकर आवाज.

इरावतीबाई मध्येच उभ्या होत्या. एका झोळीची दोरी कुणीतरी, बहुतेक मीच, त्यांच्या हातात दिली होती आणि त्या झोका देत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. बघते तर बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"म्हणून रडत होती तर," त्या कशाबशा म्हणाल्या. "खाटांमुळे!"

"आणि सुशांतमुळे," मी म्हटलं.

"सुशांत, मुलांना खाटा हव्यात असं कुणी सांगितलं होतं?"

"मॅडम, बोर्डाने पास..."

"ते माहीत आहे मला. त्या मीटिंगला मी होते." बाई खाली बसल्या, भिंतीला टेकून. "पडद्यावर खाटांचं चित्र आलं. लाल, पिवळ्या. सगळ्यांना आवडलं. मीही हात वर केला. इथल्या एकाही आईला विचारलं का, असं काही मी त्या दिवशी विचारलं नाही. फोटोत मुलं रडायला लागल्यावर विचारलं."

"तुम्ही निदान विचारलंत," दर्शना म्हणाली. बाई आल्यापासून पहिल्यांदाच ती त्यांच्याशी बोलली.

मी मात्र एवढ्यावर सोडणारी नव्हते. "मग आता सांगा, चालतं की नाही इथे काही?"

"तुम्ही मला हे आधी का नाही दाखवलंत?"

"तुमच्या घरी पाहुणा आला तर तुम्ही आधी मोरी दाखवता का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तो मागतो तेव्हाच."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला त्या बाईत एकदम आपलं माणूस दिसलं. काळाचौकीत असती तर मुलगी बघायला आम्ही दोघी मिळून गेलो असतो, आणि एकाही घराची धडगत नव्हती.

पण बाई तेवढ्याच वस्ताद. हसणं झालं तशी मान वर करून कड्यांकडे बघायला लागल्या.

"ही कडी कुणी तपासली आहेत का?"

"तपासायचंय काय? कोळशाची पोती तोलली त्यांनी."

"पोतं पडलं तर कोळसा सांडतो, दुर्गाबाई."

मी वर बघितलं. तुळई जुनी, कडी त्याहून जुनी, आणि खाली माझी मुक्ता. मी मुक्ताची झोळी हाताने धरून ठेवली.

"कंपनीचा इंजिनिअर येऊन तुळई आणि कडी बघून जाईल," बाई म्हणाल्या. "तोवर झोळ्या जमिनीपासून वीतभरच उंच बांधायच्या, आणि खाली या गाद्या टाकायच्या."

"गाद्या कामाला आल्या म्हणायच्या," नम्रता म्हणाली, आणि वाकून पहिल्या गादीचं प्लास्टिक टरकन फाडलं. मुक्ता झोपेत दचकली आणि परत झोपली.

निघताना बाईंना मी रस्त्यापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, "मग चालू राहील ना?"

"मी एकटी ठरवत नाही. मी कमिटीपुढे मांडेन, कमिटी बोर्डापुढे."

"काय मांडाल?"

"जे पाहिलं ते."

"आधीचं की नंतरचं?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या, आणि टॅक्सीत बसल्या.

मीटिंग होईपर्यंतचे दिवस कसे गेले ते नम्रताला विचारा. तिने घरातले सगळे डबे घासून काढले. मी वरून काही दाखवलं नाही, पण देवापुढे रोज एक उदबत्ती जास्त लावत होते आणि देवाला सांगत होते, कमिटीवर तूपण जरा लक्ष ठेव.

सुशांतचा फोन आला तेव्हा मी चिंच कोळत होते. त्याला काही नीट सांगताच येईना. "मावशी, पास! मावशी, मॅडमनी खाटेतल्या सांडग्यांचंपण सांगितलं! चेअरमन हसले, मावशी! कधीच हसत नाहीत!" पाळणाघर चालू राहणार होतं. शिवाय कमिटीने कळवलं होतं की तुम्हाला काय हवं ते तुम्हीच सांगा, आमच्याकडून टेम्पो पाठवणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या आया, सासवा, दर्शना खालीच बसलो. प्रत्येकीला वेगळं काही हवं होतं. गिझर, पंखा, झोपाळा. एकीला टीव्ही. कोंडीरामला कुणी विचारलं नव्हतं तरी त्याला कॅरम हवा होता. शेवटी नम्रता हळूच म्हणाली, "पाळणाघर सहाला बंद होतं. दुपारची पाळी लागली की आम्ही सुटतो रात्री. तोवर उघडं राहिलं तर?" मग मॉलवाली म्हणाली, "हेच हवंय." आणि तेच मागितलं. आता संध्याकाळपासून दर्शनाच्या जोडीला अजून एक जण असते, आणि नम्रताने तिची दुपारची पाळी न भांडता घेतली. खरं तर तिला पगारवाढही मिळाली, पण ते ती सगळ्यांना सांगते, मी कशाला सांगू?

इंजिनिअर येऊन गेला. आठ कडी चांगली निघाली, दोन काढायला लावली. ती मी भंगारात नाही दिली. दाराशी खिळ्याला अडकवून ठेवली आहेत. कुणी माझ्याशी वाद घालायला आलं आणि मीच बरोबर असं मला फार वाटायला लागलं, की एकदा तिकडे बघते.

आता त्यानंतरची गोष्ट. परवा दुपारी मी खाली पाळणाघरात पाय पसरून बसले होते. समोर कांद्यांची रास, डोक्याला कापड बांधलेलं, मुक्ता माझ्या पाठीवर चढून माझा अंबाडा सोडत होती. भिंतीवर हत्ती परत आलेत, यावेळी जास्तच. दारात सावली पडली. बघते तर इरावतीबाई. सुशांतला न सांगता, कुणालाच न सांगता.

"या," मी म्हटलं. "मोरी तिकडे आहे."

"आज मोरी नाही बघायची." पिशवीतून त्यांनी एक घडी काढली. साडी होती. सुती, पांढऱ्यावर बारीक निळी किनार, धुऊन धुऊन मऊ झालेली. "माझ्या आईची. खूप वर्षं कपाटात होती. कुणाला द्यावी कळत नव्हतं. झोळीला चालेल का?"

मी हात पदराला पुसले आणि साडी घेतली. उगाच कुणाचंही आणलं म्हणून लावत नाही आम्ही. आधी दोन बोटांत चोळून बघितली. मग उजेडासमोर धरली, कुठे विरून फाटायला आली आहे का ते पाहिलं. किनार दोन्ही हातांनी ताणली. गाठ मारून, पाय देऊन ओढून बघितली. बाई समोर उभ्या राहून गप्प बघत होत्या, पोहे घेऊन आलेल्या मुलीसारख्या.

"काय वाटतं?" न राहवून त्यांनी विचारलं.

"कपडा चांगला आहे," मी म्हटलं. "मधोमध जरा विरलाय, तिथे दुहेरी घेऊ. हो म्हणते मी."

दर्शनाने तिसऱ्या कड्याला झोळी बांधली. मुक्ताला आत घातलं. इरावतीबाईंनी दोरी धरली. मी कांद्यांकडे वळले, कारण कांदे काही आपोआप सोलले जात नाहीत, बोर्ड आलं तरी.